दुसऱ्या बाईंचा कप

यंत्र अभियांत्रिकी विभागातल्या बाईंच्या टेबलावर दोन कप होते. एकातून त्या चहा प्यायच्या, दुसऱ्यात पेनं ठेवायच्या. विभागात त्या एकट्याच बाई. पुरुष सहकारी वाईट नव्हते. पण बाई आल्या की गप्पा थांबवून अदबीने उभे राहायचे, आणि अदबीने उभ्या राहिलेल्या माणसाबरोबर चहा पिता येत नाही. बाईंना फार एकटं वाटायचं, आणि ते सांगायलाही कुणी नव्हतं.

विद्यापीठाला मात्र समान संधीचा भारी सोस. प्रत्येक समितीत एक तरी महिला हवीच, असा नियम. इमारतीत महिला एकच, त्यामुळे उपाहारगृहापासून गटारदुरुस्तीपर्यंत सगळीकडे बाई. मत कुणी विचारत नसे. त्या नुसत्या बसल्या की समिती कायदेशीर व्हायची.

अखेर विभागात एक जागा निघाली आणि मुलाखतीला एक तरुणी येणार असं कळलं. बाईंनी सकाळीच दुसऱ्या कपातली पेनं काढली आणि तो लख्ख घासून ठेवला.

निवड समिती बसते न बसते तोच कुलसचिवांचे कारकून दारात हजर. फर्निचर समिती खोळंबली होती. बाई तिकडे धावल्या, म्हणून इकडची मुलाखत अडली. फर्निचर उरकतंय तोच क्रीडा समितीचं बोलावणं आलं. पार्किंग समिती अजून ताटकळतच होती आणि कारकून रडकुंडीला आले होते. तेवढ्यात त्यांना बाहेर बाकावर बसलेली उमेदवार दिसली.

"मॅडम, जरा आत येऊन बसता का? काही बोलायचं नाही."

तिला वाटलं, हीच मुलाखत.

बाई धापा टाकत परतल्या, तर बाक रिकामा. अध्यक्ष 'गैरहजर' असा शेरा मारायच्या बेतात होते. जरा थांबा म्हणत बाई एकेक दार उघडत सुटल्या. पार्किंगच्या खोलीत ती ताठ बसून मान डोलावत होती.

"माझी मुलाखत बरी झाली का?" बाहेर येताच तिने हळूच विचारलं.

"झालीच नाही अजून. चल लवकर. आणि नंतर माझ्याकडे चहाला ये."

मुलाखत झाली, निवडही झाली. विभागातल्या महिला एका दिवसात दुप्पट झाल्या म्हणून कुलसचिवांनी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. ती रुजू झाली त्याच दिवशी त्यांचा आदेश निघाला. दोघींना एकाच समितीत अडकवणं म्हणजे उधळपट्टी. तेव्हा निम्म्या समित्या हिला, निम्म्या तिला, आणि बैठका एकाच वेळी.

आता दोघी जिन्यात भेटतात, एक चढताना, एक उतरताना.

"ताई, चहा?"

"उद्या नक्की."

बाईंनी पेनं पुन्हा कपात ठेवली. परवा त्या मुद्दाम वेळ काढून तिच्या खोलीत गेल्या. ती बैठकीला गेली होती. टेबलावर दोन कप होते. दुसऱ्यात तिनेही पेनं ठेवायला सुरुवात केली होती.