मायसेल्फ टिपरे

मुलाखतीत दिगंबर टिपरे यांनी ‘आय ॲम’ म्हणायच्या जागी ‘मायसेल्फ दिगंबर टिपरे’ म्हटलं आणि नियमाप्रमाणे शेजारच्या खुर्चीत दुसरे दिगंबर टिपरे येऊन बसले. नोकरी मिळाली नाहीच. घरी मात्र दोघे आले.

शैलाताईंना एक नवरा सांभाळतानाच नाकी नऊ येत होते. आता दोन्ही खोल्यांतून “अगं, माझा चष्मा कुठाय?” सुरू झालं. कितीतरी वर्षांनी नागपूरला बहिणीकडे जायचं ठरलं होतं, भाचीचं डोहाळजेवण होतं. पण या दोघांना मागे ठेवून जायचं कसं? बाई पार वैतागल्या. शेवटी प्रवासाची पिशवी उचलून, दोन्ही टिपऱ्यांना पुढे घालून त्या नगरपालिकेत गेल्या.

“यातला एक परत घ्या,” त्या म्हणाल्या.

“कोणता?” घुगे कारकुनांनी विचारलं.

“कोणताही! माझी दुपारची बस आहे हो.”

“असं कसं, बाई? मूळचा परत घेता येत नाही. मायसेल्फमधून आलेला माणूस स्वतःचं स्वतः करतो, त्यावरून ओळखायचा. तहान लागली की यांच्यातलं कोण उठतं?”

“मी उठते.”

घुग्यांनी पंख्याखाली मख्खपणे बसलेल्या दोघांकडे पाहिलं.

“मग अवघड आहे. काही महिने निरीक्षणाखाली ठेवावं लागेल. तुमच्याच घरी.”

“म्हणजे माझ्याच डोक्यावर!”

“अर्जदाराचं नाव सांगा. इंग्रजीत.”

शैलाताई जन्मभर जीभ सांभाळून ‘आय ॲम’ म्हणत आल्या होत्या. आज त्यांनी पिशवी खाली ठेवली.

“मायसेल्फ शैला टिपरे.”

शेजारी दुसऱ्या शैलाताई उभ्या राहिल्या.

“हे बघ,” पहिल्या घाईने म्हणाल्या, “तू यांना घरी घेऊन जा. आमटी गॅसवर आहे, नुसती गरम कर.”

“मी? इतक्या वर्षांनी जायला मिळतंय. मी नाही थांबायची.”

पहिल्यांनीही हेच म्हटलं असतं. दोघींनी पिशवीचा एकेक बंद धरला आणि त्या बसस्टँडकडे निघाल्या. बसमध्ये खिडकीशी कोण बसणार, यावर त्यांचा वाद जिना उतरेपर्यंत ऐकू येत होता.

घुगे टेबल आवरू लागले.

“अहो, जरा पाणी?” दोन्ही टिपरे एकदम म्हणाले.

घुगे उठले.