भूपेंद्रची गाडी तान्ह्या पोळ्यात

"वर्ध्यात अशी दुसरी गाडी दाखवा, मी मिशी उतरवून देतो!" असं भूपेंद्र बोरगाव मेघेतल्या प्रत्येक पानठेल्यावर सांगत सुटला होता. पैज लावायला त्याला काहीच भीती नव्हती. त्याच्या मिशीचा अर्ज तेवढा गेला होता, मंजुरी यायची होती!

गाडी मात्र होती. म्हणजे वडिलांची होती. हेमराजभाऊंचं बोरगावात किराण्याचं दुकान, आणि दुकानाची ती जुनी पांढरी अल्टो. तेलाचे डबे, गुळाच्या भेल्या, साबणाची खोकी वाहून वाहून तिच्या अंगाला उदबत्तीपासून हिंगापर्यंत सगळे वास लागलेले. किल्ली फिरवली की सुरू व्हायची, ब्रेक दाबला की थांबायची. गाडीकडून माणसाला आणखी काय हवं असतं? पण हे झालं तुमच्याआमच्या बुद्धीचं. भूपेंद्रने मोबाईलवर रात्रंदिवस व्हिडिओ पाहून ज्ञान मिळवलं होतं, आणि त्या ज्ञानाचं सार असं, की जिच्यात बसून माणूस सुखाने घरी पोचतो ती गाडी गाडीच नव्हे!

या खटाटोपामागे एक कारणही होतं. कारणाचं नाव दामिनी. ती सावंगीला दवाखान्यात एक्स-रे काढायची. मागे भूपेंद्रचा खोकला हटेना, तेव्हा तिनेच त्याच्या छातीचा फोटो काढला होता. "श्वास रोखून धरा," म्हणाली. भूपेंद्रने तो अजून पुरता सोडला नव्हता. अल्लीपूरच्या अनुसयाबाई, म्हणजे भूपेंद्रची आत्या, तिने दामिनीच्या वडिलांच्या ओळखी काढल्या, फोटो पाठवला, आणि चक्क होकाराच्या जवळपासचं उत्तर आणलं. मग भूपेंद्रला फोन केला.

"तान्ह्या पोळ्याले पोरीले सुटी हाये. तू मले स्टँडवरून घेजो, आपण दोघं सावंगीले चहाले जाऊ. त्याईले तू पसंत पडला, तं मंग तुह्या माय-बापाले पाठवू. नीट येजो बापा, शहाण्यासारखा!"

भूपेंद्रने या वाक्यातला 'नीट' तेवढा ऐकला आणि थेट प्रेमदासकडे गेला.

प्रेमदासचं वेल्डिंगचं दुकान. खिडक्यांचे गज आणि अंगणाची फाटकं तो जोडायचा. मोटारीतलं त्याला भूपेंद्रइतकंच कळायचं, म्हणजे काहीच नाही. पण दोन आंधळ्यांनी हात धरले की रस्ता दिसतो, अशी या दोघांची श्रद्धा होती.

"भाऊ, पहिले गाडी खाली बसवू," प्रेमदास म्हणाला. "जमिनीले टेकली पाह्यजे! वाघ कसा दबा धरून बसते, तशी."

"अन् ते कसं करते?"

"स्प्रिंगा कापाच्या. चारी! त्यात काय हाये, फाटकाचे गज नाई कापत का मी?"

कापल्या! गाडी वाघासारखी बसली की नाही माहीत नाही, पण पोट बिघडलेल्या म्हशीसारखी नक्की बसली. मग सायलेन्सरचा मागचा तुकडा कापला. आता ती सुरू झाली की आसपासच्या लोकांना वाटायचं, कुणाच्या तरी अंगणात मळणीयंत्र लागलं. मागची सीट काढून तिथे गाण्यांचा भोंगा बसवला. काचांवर काळी फिल्म चढवली. आतून बाहेरचं अंधुक दिसायचं, बाहेरून आतलं काहीच नाही. पुढे लोखंडी पाइपचा गार्ड जोडला, त्याची दोन टोकं दोन बाजूंनी वर वळवलेली. का वळवली? तर व्हिडिओत होती म्हणून!

आता राहिला रंग आणि चकाकी. इथे मात्र खिसा आड आला. नागपूरच्या एका दुकानात त्याने चाकांच्या चकचकीत रिंगांचा भाव विचारला. दुकानदाराने भाव सांगितला आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहून लगेच पाणीही दिलं.

पण भूपेंद्र हरणारा नव्हता. पोळा तोंडावर आलेला. वर्ध्याच्या बाजारात बैलांच्या साजाची दुकानं रस्ताभर मांडलेली: सोनेरी बेगड, शिंगांचा लाल रंग, गोंडे, घुंगरमाळा, भरजरी झुली. सगळं झगझगीत, सगळं स्वस्त!

"प्रेम्या, हेच तं पाह्यजे होतं बे आपल्याले!" भूपेंद्र ओरडला.

आणि त्या दोन विद्वानांनी मोटारीला बैलाचा साज आणला. चाकांना बेगड चिकटवलं. गार्डच्या वळलेल्या टोकांना शिंगांचा लाल रंग दिला. आरशांना गोंडे, पुढच्या काचेवर कवड्यांची माळ, सीटवर झूल, आणि गार्डला घुंगरमाळ. ज्या गोष्टीकडे पाहून बालवाडीतलं मूलही 'बैल' म्हणालं असतं, तिच्याकडे पाहून हे दोघं म्हणाले, "स्पोर्ट्स कार!"

हेमराजभाऊंनी दुकानातून बाहेर येऊन गाडीभोवती एक फेरी मारली. "तेलाचे डबे कुठी ठेवू आता?" एवढंच विचारलं.

"बाबा, तुम्हाले लुक नाई समजत."

"नाई समजत बापा," हेमराजभाऊ म्हणाले, आणि डबे सायकलवर बांधू लागले.

तान्ह्या पोळ्याचा दिवस उजाडला. मोठ्या पोळ्याला खरे बैल सजतात, दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा मान. चाकांचे लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत मुलं तोरणाखाली जमतात. बैलांना बक्षिसं मिळतात. मग घरोघर बैल न्यायचा आणि बोजारा मागायचा. बोजारा म्हणजे बैल दारी आला म्हणून मुलाच्या हातावर ठेवलेलं नाणं किंवा खाऊ.

भूपेंद्र स्टँडवर पोचला. मागे भोंग्यावर प्रेमदास बसलेला; गाणी लावायला माणूस हवाच! अनुसयाबाई नऊवारी सावरत, करंज्यांचा डबा कडेवर घेऊन उभ्या होत्या. गाडी पुढ्यात थांबली, तशा त्या दोन पावलं मागे सरल्या.

"आत्याबाई, बसा नं!"

"अवं माय! भूपेंदर, तू होय? मले वाटलं निवडणूक लागली! अन् काचा काऊन काळ्या? मोतीबिंदू झाला का गाडीले?"

"स्टाइल हाये आत्याबाई."

अनुसयाबाई भक्कम बाई. गाडी इतकी खाली, की सीटवर बसायच्या हिशेबाने त्यांनी अंग सोडलं, आणि सीट यायला फार वेळ लागला. धप्पकन आवाज झाला. गाडी आणखी चार बोटं खाली गेली.

"बाप्पा! मी गाडीत बसली का सडकेवर?"

गाडी सुरू झाली. स्टँडवरची कुत्री पळाली, एक म्हातारा कानावर हात ठेवून "ट्रॅक्टर बाजूले घ्या रे!" म्हणाला, आणि प्रेमदासने भोंगा लावला. अनुसयाबाईंनी सावंगीपर्यंत दोन्ही हातांनी कान झाकले. त्यामुळे करंज्यांचा डबा मांडीवरून सुटला आणि प्रत्येक खड्ड्यात भूपेंद्रच्या कोपराला येऊन भेटत राहिला. कापलेल्या स्प्रिंगांनी एकेक खडा थेट त्यांच्या मणक्यापर्यंत पोचवला.

"बैलबंडी बरी रे याच्यापरीस! बैलाले दया तरी असते!"

सावंगीत दामिनीच्या गल्लीच्या तोंडाशीच गतिरोधक. चांगला टरटरून फुगलेला. भूपेंद्रने गाडी थांबवली. घाम पुसला.

"आत्याबाई," तो हळूच म्हणाला, "जराशा उतरता का? वजन कमी झालं तं निघते."

मागे प्रेमदासने गाणं बंद केलं.

"वजन? माह्यं वजन? तुह्यं लगन जमवाले मी अल्लीपूरहून आली, अन् तू मले उतरवून राह्यला? नाई उतरत! पाह्यतो कशी निघत नाई ते!"

भूपेंद्रने डोळे मिटले आणि दामिनीचं नाव घेऊन दाब दिला. पुढची चाकं चढली, उतरली... आणि खर्रर्र करत गाडी पोटावर बसली! आधी तुटका सायलेन्सर निखळून पडला. मग प्रेमदासने जोडलेला गार्ड एका बाजूने सुटून तिरपा झाला. शेवटी इंजिनने एक उचकी दिली आणि ते कायमचं गप्प झालं. गतिरोधकावर गाडी पाळण्यासारखी पुढेमागे डुलत होती, आणि घुंगरमाळ छान वाजत होती.

"उतरतो मी," प्रेमदास म्हणाला.

"मले उठवा पहिले!" अनुसयाबाई ओरडल्या. पण त्या इतक्या खोल बसल्या होत्या, की आतून दोघांनी जोर लावूनही त्या तसूभर हलेनात.

घुंगरांचा आवाज गल्लीत गेला. गल्लीच्या चौकात तान्हा पोळा भरला होता. आंब्याच्या पानांचं तोरण, त्याखाली रांगेने लाकडी बैल, आणि मुलांच्या घोळक्यात अण्णाजी. अण्णाजी म्हणजे दामिनीचे वडील. सगळा जन्म प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेलेला, मुलं म्हटली की त्यांचा दिवस सुरू व्हायचा. मुलांनी मान वळवली. लाल शिंगं, सोनेरी पाय, गोंडे, झूल, घुंगरं!

"सर, सर! लय मोठा बैल आला! अन् रस्त्यातच बसला!"

"बसला का? मग आपण उठवू," अण्णाजी शांतपणे म्हणाले. "आधी काय करायचं?"

"दोर बांधायचा!"

"कुठे?"

"शिंगाले!"

भूपेंद्रने काच खाली करून "अरे, हात नका लावू, स्पोर्ट्स..." एवढं म्हणेपर्यंत दोर शिंगांना बसला होता. अण्णाजींनी मुलांना दोन रांगांत उभं केलं. मागून प्रेमदास आणि गल्लीतले बाप्ये उचलायला लागले. "सगळ्यांनी एकदम ओढायचं. एकट्याने जोर लावला की दोर हातात येतो अन् बैल तिथेच राहतो. समजलं? हं, आता झडती होऊ द्या!"

झडती म्हणजे पोळ्यात म्हणायची चार ओळींची टवाळी. पोरं त्यात तरबेज. एका पोरीने गाडीकडे पाहून जागीच रचली:

"लाल याचे शिंगं, सोन्याचे पाय,
रस्त्यात बसला, उठतच नाय!
चारा नाई खात, पेट्रोल पेते,
पोट्ट्याइनं ओढलं, तवाच येते!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला..."

"हर हर महादेव!"

आणि निघाली! पुढे चिल्ल्यापिल्ल्यांची रांग, मागे स्पोर्ट्स कार, आत महाराणीसारखी ताठ बसलेली आत्याबाई, आणि शेजारी स्टिअरिंगला लटकलेला नवरदेव. गाडी नेमकी तोरणाखाली, लाकडी बैलांच्या रांगेत, शेवटच्या नंबरावर जाऊन उभी राहिली. गल्लीतल्या बायकांनी हात देऊन अनुसयाबाईंना बाहेर काढलं. त्यांच्या करंज्यांचा भुगा झाला होता. तो त्यांनी मुलांना वाटला, आणि मुलांना तो बोजाराच वाटला.

दामिनी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली.

"लागलं तर नाही ना?"

"छे छे!" भूपेंद्र म्हणाला. श्वास रोखून.

ती गाडीभोवती फिरली. "हे सगळं काऊन केलं?"

"लुक यावा म्हणून."

"याच्या आधी चालायची का ही?"

"मस्त चालायची. एकदम मस्त."

"मग?"

मंडळी, आजवर अनेक अवघड प्रश्न लोकांनी विचारले असतील, पण या दोन अक्षरांचं उत्तर भूपेंद्रकडच्या एकाही व्हिडिओत नव्हतं. दामिनी पाण्याचा तांब्या आत्याबाईंकडे घेऊन गेली.

मग चहा झाला. भूपेंद्रने बशीत निम्मा सांडला, उरलेला गिळला, आणि लाज लपवायला गाडीत जाऊन काचा वर केल्या. प्रेमदास सायलेन्सर शोधायला गेला, तो परत आलाच नाही. थोड्या वेळाने अण्णाजी आणि अनुसयाबाई गाडीजवळच येऊन उभे राहिले. काळ्या फिल्ममुळे त्यांना आतलं दिसेना. त्या फिल्मचा आयुष्यात एवढाच उपयोग झाला!

"मंग अण्णाजी, काय सांगू भावाले?"

"अनुसयाबाई, मुलगा वाईट नाही. मन निर्मळ दिसतं. साज चढवायचीही हौस आहे."

आत भूपेंद्रने श्वास सोडला.

"दामिनीशी बोललो मी. तिचं म्हणणं मलाही पटलं," अण्णाजी पुढे म्हणाले. त्यांचा आवाज शाळेत चुकलेलं गणित समजावताना असायचा तसाच मऊ होता. "तो अजून तान्ह्या पोळ्यातला आहे. मोठ्या पोळ्यात आला, की कळवजा. तोवर आम्ही दुसरीकडे बघतो."

आत भूपेंद्रने पुन्हा श्वास घेतला, पण तो काही बरोबर बसला नाही.

मग बक्षिसं वाटली. पहिलं एका पोरीच्या चिमुकल्या बैलाला मिळालं. त्याच्यावर एक बेगड आणि दोन फुलं एवढंच होतं, पण तो ओढला की सरळ चालायचा. शेवटी अण्णाजींनी काचेवर टकटक केलं. "बाळ, रांगेत उभा राहिला त्याला रिकाम्या हाती पाठवायचं नाही, असा आपल्याकडे नियम आहे." आणि भूपेंद्रच्या हातात उत्तेजनार्थ एक कंपासपेटी ठेवली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दामिनीनेही वाजवल्या, हे त्याला जास्त लागलं.

अनुसयाबाई ऑटोने स्टँडला गेल्या. जाताना म्हणाल्या, "आता मले न्याले नको येजो."

संध्याकाळी एका मालवाहू गाडीच्या मागे दोराला बांधून स्पोर्ट्स कार बोरगावात आली. शिंगं तिरपी, बेगड लोंबतंय, घुंगरं मात्र शाबूत. दुकानासमोर थांबली. भूपेंद्र कंपासपेटी छातीशी धरून उतरला. हेमराजभाऊ गल्ल्यावरून उठले, बाहेर आले, गाडीभोवती पुन्हा एक फेरी मारली. आत गेले, गल्ल्यातून एक नाणं आणि डब्यातून चिमूटभर गूळ काढून आणला, आणि भूपेंद्रच्या हातावर ठेवला.

"घे बोजारा," ते म्हणाले. "आता बाजूच्या घरी ने!"