गोपीनाथ प्लक्ड झाला

नाथा ठाणे स्टेशनात उतरला तेव्हा त्याच्या घशाला कोरड पडली होती, पण पाणी प्यायला तो थांबला नाही. मुंबईहून एक इंग्रजी शब्द त्यानं तोंडात धरून आणला होता. घोटाबरोबर तो पोटात गेला असता तर भिवाला काय सांगायचं? भिवाच्या गोपीनाथचा मॅट्रिकचा निकाल होता, आणि भाजी विकायला गेलेल्या नाथावर तो विचारून येण्याची कामगिरी होती. खाडीकाठच्या त्या गावातून मॅट्रिकला बसलेला गोपीनाथ पहिलाच. मिठागरावर दोन हात कमी पडतात म्हणून सगळी भावकी भिवाच्या नावानं खडे फोडत होती, तरी त्यानं पोराची शाळा सोडवली नव्हती. आता निकाल वाईट लागला तर त्याला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

“प्लक्ड,” नाथा अंगणात पाय ठेवताच म्हणाला आणि मग तांब्याभर पाणी घटाघटा प्यायला.

आता प्लक्ड म्हणजे काय, हे गावात कोण सांगणार? भिवा आणि नाथा दोघं टेंभी नाक्यावर त्रिंबक मास्तरांकडे गेले. मास्तर एका पाद्र्याजवळ इंग्रजी आणि लॅटिन शिकले होते. त्यांच्या तरुणपणी युनिव्हर्सिटीच नव्हती, त्यामुळे परीक्षेला बसण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नाही. पण शब्दाचं मूळ शोधायचं म्हटलं की त्यांना जेवणाची शुद्ध राहत नसे. गोपीनाथला संस्कृत सोडून लॅटिन घ्यायला लावलं तेही त्यांनीच.

“प्लक म्हणजे तोडणे, खुडणे, वेचणे,” मास्तर डोळे मिटून म्हणाले. “लॅटिनात कार्पो. त्यावरूनच इंग्रजीत एक्सर्प्ट आला, म्हणजे आपला वेचा. आता मला सांग भिवा, पुस्तकातून वेचा काढतात तो चांगल्या भागाचा की टाकाऊ भागाचा?”

“चांगल्याचाच असंल,” भिवा अंदाजानं बोलला.

“मग इतक्या मुलांतून तुझा मुलगा वेचला, याचा अर्थ काय?”

अर्थ भिवाला लगेच कळला. घरी जाताना त्यानं पेढ्यांची करंडी घेतली. ज्यांनी खडे फोडले होते त्यांना आधी बोलावलं, आणि तेही आले, कारण राग असला तरी पेढ्यावर कुणाचा राग नसतो. गोपीनाथची आई ठमाबाई मात्र पेढा हातात धरून बसली होती. तिनं नाथाला जवळ बोलावून विचारलं, सायेब हसून बोलला का रं?

नाथा आठवू लागला. निकाल सांगणाऱ्या पारशी कारकुनानं मान हलवून चुकचुक केलं होतं खरं. नाथाच्या पाठीवरून हातही फिरवला होता. आणि मुंबईत मामाकडे राहिलेला गोपीनाथ भेटला का? नाही. मामी डोळ्यांना पदर लावून दारात आली होती आणि ‘गोपीनाथ सकाळीच गेला’ एवढंच म्हणाली होती. नाथाला तेव्हा वाटलं, चुलीचा धूर असेल.

“मास्तर आनखी काय बोललं व्हतं?” ठमाबाईनं विचारलं.

“खुडला बोललं,” नाथा हळूच म्हणाला.

खुडला म्हणजे काय, हे ठमाबाईला लॅटिनवाचून कळलं. तिनं हंबरडा फोडला आणि पाठोपाठ सगळ्या बायकांनी फोडला. ज्यांच्या तोंडात पेढा होता त्यांना तो गिळावा की थुंकावा कळेना. कुणीतरी करंडीवर फडकं टाकलं. मास्तरांना बोलावणं गेलं. ते अनवाणीच धावत आले, आणि बारीक आवाजात म्हणाले की हो, कार्पोचा तोही अर्थ होतो. एवढं बोलून त्यांनी उपरण्यात तोंड लपवलं. त्या पोरावर त्यांचा फार जीव होता.

गोपीनाथ त्याच वेळी खाडीच्या बांधावरून मागच्या दारी येत होता. आपण नापास झालो हे सकाळीच कळल्यापासून तो मुंबईत भटकत होता. बापासमोर उभं राहायचा धीर होत नव्हता. घरातली रडारड ऐकून तो गोठ्याआड थबकला. म्हणजे बातमी आपल्याआधीच पोचली होती. पण एका परीक्षेसाठी अख्खं गाव रडेल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं. तेवढ्यात बापाचा आवाज आला. “मीच धाडला त्याला. मिठागरावं ठेवला असता तर डोल्यांम्होरं तरी राह्यला असता.”

ते ऐकून गोपीनाथला राहवेना. तो पुढे झाला. “बाबा, रडू नका. मी लॅटिनमधी गेलो. बाकी सगल्यात तरलोय.”

गेलेला पोरगा कशात गेलो ते स्वतःच सांगतोय म्हटल्यावर शेजारची हौसाबाई जागच्या जागी आडवी झाली. भिवा उठला. त्यानं पोराचे कान, खांदे, हात चाचपून पाहिले.

“म्हंजे जिता हायेस?”

“हाये. पन नापास झालोय, बाबा. सायेब लोक प्लक्ड बोलतात त्येला.”

“नापास झाल्याव परत बसाया देतात?”

“देतात.”

“मंग बस,” भिवा म्हणाला, आणि इतका वेळ दाबून धरलेलं रडं त्याला आता आलं. ठमाबाईनं पोराला कुशीत ओढलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

मास्तर पुढे आले. विचारू नये असं वाटत असूनही त्यांच्यानं राहवलं नाही. “लॅटिनमध्ये काय अडलं रे?”

“कार्पोची रूपं चालवायला आली होती, मास्तर.”

मास्तर उपरण्याची घडी घालू लागले. ती झाल्यावर त्यांनी ती मोडली आणि पुन्हा घातली. मग, उद्यापासून मीच शिकवायला येत जाईन, असं ते कुणाकडेही न बघता म्हणाले.

भिवानं करंडीवरचं फडकं काढलं. हौसाबाई एव्हाना उठून बसली होती. तिनं विचारलं, “आता कशाचं पेढं?”

“पोऱ्या प्लक्ड झाला त्याचं,” भिवा नाक पुसत म्हणाला. “खुडलाय, पन देठ शाबूत हाये.”

पहिला पेढा त्यानं मास्तरांच्या हातावर ठेवला, आणि मास्तरांनी तो मुकाट्यानं खाल्ला.