दिसण्याजोगं घर

घर स्वच्छ असल्याशिवाय माणसानं माणसाला भेटू नये, हा सुसंस्कृत समाजाचा पाया आहे. आखाडा बाळापूरचे निवृत्त ग्रंथपाल जळबा या पायावर इतके ठाम उभे होते, की धर्मसिंगच्या पत्राला त्यांनी पाच महिने उत्तर दिलं नाही.

हट्ट्याजवळच्या तांड्यावरचा धर्मसिंग हा त्यांचा शाळेपासूनचा एकुलता एक मित्र. (जळबा लाजाळू, दुसरा मित्र जोडायला त्यांना साठ वर्षं पुरली नव्हती.) अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत त्यानं लिहिलं होतं, 'काचबिंदू झालाय. डॉक्टर म्हणतो, वर्षभरात नजर जाईल. दिसतंय तोवर तुझं तोंड पाहून घेतो. कधी येऊ?'

प्रश्न सोपा होता. पण त्याच आठवड्यात रविवारच्या पुरवणीत 'आदर्श घरा'चा फोटो छापून आला, आणि टीव्हीवरच्या जाहिरातीतली एक बाई रोज फरशीत तोंड पाहून केस विंचरू लागली. जळबांनी आपल्या शहाबादी फरशीत वाकून पाहिलं. शहाबादी फरशीच दिसली.

मग कार्य शिस्तीत सुरू झालं. पुरवणीच्या आदेशानुसार अकराशे चौदा पुस्तकं रंगांप्रमाणे लावण्यात आली. (चाळीस वर्षं विषयवार मांडणी केलेल्या माणसाला शब्दकोश आता शेंदरी रंगात शोधावा लागे. अर्थात काढायला बंदी होती, रांग मोडते.) धूळ दिवसातून तीनदा पुसली जाई; वारंगा फाट्याकडून येणारे ट्रक ती चौथ्यांदा आणून देत. बसायच्या खोलीला कुलूप लागलं, कारण बसल्यानं खोली खराब होते, हे निरीक्षणाअंती सिद्ध झालं होतं.

शेवटी फोटोशी ताडून पाहता एकच फरक उरला: आदर्श घरात माणूस नव्हतं. जळबांनी पत्नीला, जनकाबाईंना, अंगणात बसण्याची नम्र विनंती केली.

"काहून? आता मलाबी झाडून काढता काय?"

"तसं न्हाई. फोटोत कुणीच..."

"अहो, त्या माणसाची नजर चालली अन् तुमी जाळे काढून राहिले! समदं चकचकीत होईस्तोर त्यांला तुमचं तोंड दिसायचं न्हाई."

जळबांनी यावर गांभीर्यानं विचार केला. "पण एखादं जाळं राहिलं, तं काय म्हणंल तो?"

"व्हय, जाळंच पाहाया येऊन राहिले ते! आरशात पाहा जरा. महिना झाला, दाढी न्हाई का धड आंघोळ न्हाई."

जळबांनी पाहिलं. पाहुण्याला जी एकच वस्तू पाहायची होती, तेवढीच घरात पुसायची राहिली होती.

त्यांनी उभ्याउभ्याच कार्ड लिहिलं: 'घर आवरलं की ये.' मग पहिले तीन शब्द खोडले.

वाचकांना हसू आलं असेल, तर हरकत नाही. फक्त 'घर आवरलं की बोलावतो' असं आपण कुणाकुणाला सांगून ठेवलंय, आणि त्यांतल्या किती जणांना अजून दिसतं, तेवढं मोजून घ्यावं.

जळबांनी निदान कार्ड पेटीत टाकलं.