मेडशीच्या टेकडीवरची रोमची भिंत

आमच्या मेडशीत डोंगर चाखून पाहनारा मानूस एकच, गफूरचाचा. खरंच सांगतो. टेकडीवर चढला की कमरेवर हात ठेवून उभा राहे, डोळे बारीक करे, जीभ टाळूले लावे अन् म्हने, "चढ बरा हाय बापू, पन मीठ कमी हाय." मंग आमी खाली उतरो अन् दुसऱ्या टेकडीकडं चालाले लागो.

चाचा खानसामा. सडका बांधनाऱ्या एका इंग्रज साहेबाकडं त्यानं जवानी काढली. साहेब पेन्शनीत निघाला तवा चाचाले अन् घोडेवाल्या सुदामले सोबत विलायतेले घेऊन गेला. तिथं साहेबाच्या घरामागंच रोमच्या बादशहानं बांधलेली भिंत! राज्याची हद्द. या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत. दर इतवारी साहेब तिच्या काठाकाठानं फिराले जाये. मागं सुदाम घोडी धरून, त्याच्या मागं चाचा डबा धरून. चाचा परत आला तवा गावानं इचारलं, विलायतेत काय पाह्यलं? चाचा म्हने, भिंत. अजून काय पाह्यलं? चाचा म्हने, तिचं दुसरं टोक नाई पाह्यलं, तेवढं राह्यलं.

तवापासून तो साऱ्या मुलखात तशी जागा धुंडून राह्यला. अगदी तशीच पाह्यजे. एका बाजूनं खोल कडा, दुसरीकडून गवताचा उतार, अन् मधात छातीएवढी दगडाची रचाई, टेकडी आली म्हनून जी वळत नाई, सरळ वर चढते. लोकं हसत. पन हसता हसता सोबत जात, कारन डब्यात आलूचे कटलेस राहत, वरून पावाचा चुरा लावलेले. कटलेस संपले की एकेकाचे गुडघे दुखाले लागत. शेवटी मीच उरे.

मी काहून उरलो? मले त्या भिंतीचं येड लागलं होतं. पाहा नं, तिच्यावर पहारा देनारे शिपाई सारे रोमचे नाई. कोनी वाळवंटातला, कोनी उन्हाच्या देशातला, अन् तिथं धुक्यात भाला धरून उभा! घरून लोकरीचे मोजे मागवत! साहेबानं हे चाचाले सांगतलं, चाचानं मले, अन् मी जो भेटे त्याले सांगत सुटलो. घरी माय म्हने, त्या शिपायाईचे मोजे राहू दे, आपल्या बैलाईले पानी दाखव.

एकदा असंच तीन टेकड्या फिरून पाय गळाले तवा मी चाचाले इचारलं, एवढी कायची घाई हाय? भिंत कुठं पळून चालली का?

चाचानं बसून डोक्याचा पाटका सोडला. सांगतलं की सुदाम पयल्याच हिवाळ्यात छाती भरून गेला. तिकडं मुर्दा जाळाची रीत नाई. साहेबानं त्याले भिंतीखालच्या उतारावर मातीत ठेवलं. चाचा देशात आला तो आधी इंझोरीले गेला, सुदामच्या मायकडं. गिरजाबुढीनं पगार-पानी काई इचारलं नाई. लेकराले ठेवलं ते जागा कशी हाय, एवढंच इचारलं. चाचानं लय सांगून पाह्यलं, पन भिंत म्हटलं की बुढीले गोठ्याचीच भिंत दिसे. मंग बुढी म्हने, मले नाई समजत बावा, एकदा तशी जागा दाखव.

"तिचे डोळे जाऊन राह्यले बापू," चाचा म्हने. "डोळे गेल्यावर जागा भेटून काय फायदा?"

त्या दिवसापासून माह्याबी डोक्यात तेच. अन् भेटली! जंगलाच्या पलीकडं, कोन्या जमान्यातल्या गढीचा तट, अर्धा पडलेला, सरळ वर चढनारा. चाचानं कमरेवर हात ठेवले, जीभ टाळूले लावली. मंग म्हने, मीठ बरोबर हाय. पन लगेच म्हने, मेंढ्या नाईत. तिकडं उतारावर मेंढ्या राहत. मी म्हटलं, आपल्या बकऱ्या आनू. चाचानं असं पाह्यलं, जसं मी पुलावात गूळ टाकला. शेवटी एका धनगराले गाठलं. त्यानं कटलेस खाल्ले, मेंढ्या आनाचं कबूल केलं, अन् वरून तुमी दोघं येडे हा, हेबी सांगतलं.

मी बैलाईची दमनी जुंपली अन् वाटेत एक मुक्काम करून बुढीले इंझोरीहून आनलं. सोबत तिचं एक मोठं गाठोडं, मले वाटलं बिछाना असन. टेकडीवर चाचानं तिचा हात धरून दगडाईवरून फिरवला. घोडी कुठं उभी राहे, साहेबाचं घर कोन्या अंगाले, समुद्र कोनीकडं, सारं दाखवलं. बुढी मेंढ्याईकडं पाहून जराशी हसली. मंग चाचा उतारावर थांबला.

"अन् इथं, माय. इथं सुदाम."

बुढी खाली बसली. गवतावरून हात फिरवला. जागा चांगली हाय म्हने, मोकळी हाय. मंग वर पाहून इचारलं, "इथं थंडी लय पडत असन नं रे गफूर?"

दिवस चैताचे. चाचाचा सदरा घामानं पाठीले चिकटला होता.

"लय, माय," चाचा म्हने. "बरफ पडते."

बुढीनं गाठोडं सोडलं. आत गोधडी होती, नवी, जाड, सुदामच्या जुन्या धोतराईची. एक टोक तिनं धरलं, एक चाचानं. दोघाईनं मिळून ते गवतावर पांघरली, सुरकुत्या काढल्या, अन् गळ्यापाशी असते तेवढी कड चाचानं हलकेच आत दुमडली.