ग्रेडरच्या हातची जॉयस्टिक

श्रीकृष्णरावांचा हात कधी चुकत नाही, असं मारेगावात एकच माणूस छातीठोकपणे सांगत असे, आणि तो म्हणजे स्वतः श्रीकृष्णराव. कापूस खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते. गाडीतल्या ढिगात उजवा हात कोपरापर्यंत खुपसायचा, डोळे मिटायचे, मूठभर कापूस बाहेर काढून बोटांत चुरगाळायचा आणि निकाल द्यायचा. ओल किती, कचरा किती, धागा कसा, सगळं त्या पाच बोटांना कळे. घरी आल्यावरही हा हात सुट्टी घेत नसे. बाजारातली वांगी, दुकानातलं कापड, पाहुण्यांचे जावई, जे समोर येईल त्याला ग्रेड मिळे. "सुपर" हा सगळ्यात वरचा ग्रेड तोंडातून निघाला की कुंदाताई ओळखायच्या, हे लोढणं आता घरात येणार.

त्या सालात कापसाचं सगळंच बिनसलं होतं. भाव पडलेला, केंद्र आज सुरू तर उद्या बंद. आवारात कापसाच्या गाड्या कमी आणि पेपरवाल्यांच्या जीपच जास्त. हाताला काम नसलेला ग्रेडर म्हणजे लग्नात वाजवायला न सांगितलेला बँडवाला. तो दिसेल त्या पत्र्यावर बोटं वाजवत सुटतो. नेमकं त्याच वेळी प्राचीचं लग्न जमायला आलं.

प्राची म्हणजे त्यांची एकुलती लेक. गावातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. हुशार, देखणी, बोलायला चुरचुरीत. जमेच्या बाजूला सगळंच होतं, वजाबाकीला एकच गोष्ट : पोरगी डावखुरी होती. आधीची दोन स्थळं त्यावरच फिस्कटली होती. एका घरच्या आत्याबाईंनी तर तोंडावर विचारलं होतं, "मग देवाला नैवेद्यही डाव्यानंच दाखवणार का?" तेव्हापासून कुंदाताईंनी कायदाच केला. पाहुणे उंबऱ्याच्या आत असेपर्यंत प्राचीचा डावा हात पदराखाली राहील. साक्षगंध झालं, साखरपुडा पक्का झाला, की मग सांगू. आधी एक शब्द नाही.

तर वणीचे चारुदत्तराव आपल्या मुलाला, सलीलला घेऊन पाहायला आले. सोबत त्यांच्या पत्नी इंदूताई. सलील नागपुरात नोकरीला होता. प्राचीनं उजव्या हातानं चहा दिला. कप बशीत असा नाचला की निम्मा चहा बशीतच राहिला. सलीलनंही पोह्यांचा चमचा तोंडाकडे नेताना शर्टावर शेंगदाणे पेरले.

"लाजाळू आहे पोरगा," श्रीकृष्णराव आत जाऊन बायकोच्या कानात म्हणाले. "हात थरथरून राह्यला त्याचा. असे लोक सज्जन असतात. सुपर पोरगा."

बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "छंद वगैरे काय आहे?"

"मोकळ्या वेळात यान उडवतो, काका."

सगळ्यांच्या नजरा छताकडे गेल्या.

"म्हणजे कॉम्प्युटरवर," सलील घाईनं म्हणाला. "अवकाशात. ग्रहावर उतरवायचं, तळाला नेऊन जोडायचं. खेळ असतो तो."

"दारू नाही, सिगरेट नाही," चारुदत्तराव म्हणाले. "आमचा आपला आकाशातच असतो."

प्राचीनं पहिल्यांदा मान वर केली. "जॉयस्टिक कोणती वापरता?"

"तीच बिघडली हो. नवी घ्यायची आहे, पण निवडणं कठीण असते. त्यात एक गोष्ट नीट पाहावी लागते, म्हणजे बघा, जर आपला हात..."

"सलील, पोहे निवून राह्यले," इंदूताई म्हणाल्या. त्यांचा आवाज गोड होता, पण सलीलचं वाक्य तिथंच कापलं गेलं.

एवढं श्रीकृष्णरावांना पुरेसं होतं. वस्तू निवडायची आणि तीही हात लावून! "जॉयस्टिकचं माझ्यावर सोडा," ते म्हणाले. "साक्षगंधाला कोटाचं कापड तर सगळेच देतात. आम्ही जॉयस्टिक देऊ."

सलील काही बोलणार होता. आईनं त्याच्या ताटलीत आणखी पोहे घातले.

यवतमाळला राजकुमारचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. श्रीकृष्णराव बायको आणि लेकीला घेऊन तिथं गेले. राजकुमारनं काउंटरवर दोन जॉयस्टिक ठेवल्या. एक सरळ, साधी, विळ्याच्या मुठीसारखी. दुसरीला बोटांच्या खोबणी, तळव्याखाली उंचवटा, अंगठ्याला टेकायला वेगळी जागा.

श्रीकृष्णरावांनी बाही सावरली, डोळे मिटले आणि पहिली धरली. दुकानातली गिऱ्हाइकं आपसूक थांबली. त्यांना वाटलं, हे काहीतरी धार्मिक आहे.

"फेअर," ते म्हणाले. "मालात दम नाही."

मग दुसरी धरली. बोटं खोबणीत गेली, अंगठा आपल्या जागी जाऊन बसला. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते कुंदाताईंनी लग्नानंतर एकदाच पाहिलं होतं, तेही पुरणपोळीच्या ताटावर.

"सुपर."

"काका, ही साधी दोन्ही हातांना चालते," राजकुमार सांगू लागला. "ती दुसरी मात्र..."

"बेटा, मी हातानंच पोट भरतो. मले नको शिकवू."

प्राचीनं तेवढ्यात साधी जॉयस्टिक उचलली होती. "बाबा, हीच घ्या ना. किती छान बसते हातात."

"प्राची," कुंदाताई दात आवळून म्हणाल्या. "हात."

प्राचीनं जॉयस्टिक खाली ठेवली आणि डावा हात ओढणीत गुंडाळला.

"तुले काय कळते त्यातलं," श्रीकृष्णराव म्हणाले, आणि खोबणीवाली जॉयस्टिक बांधून घेतली.

साक्षगंध घरीच झालं. वणीकडचे थोडे पाहुणे, इकडचे शेजारी, आणि पलीकडच्या तांड्यावरचे खेमसिंग. खेमसिंगचा कापूस दरवर्षी श्रीकृष्णरावांच्या हाताखालून जाई आणि दरवर्षी खालचा ग्रेड घेऊन परत फिरे. तरी दोघांची मैत्री होती. खेमसिंग म्हणत, भांडण केंद्रावरचं, चहा घरचा.

कुंकू लागलं, साखर वाटली गेली, सलीलला अंगठी घातली, कोटाचं कापड दिलं. मग श्रीकृष्णरावांनी चमकीच्या कागदातला खोका पुढे केला. सलीलनं तो उघडला आणि त्याचा चेहरा जरासा बदलला. केंद्रावर दरवाज्याला कुलूप पाहिल्यावर गाडीवाल्याचा बदलतो, तसा.

"छान आहे, काका."

"नुसतं छान नाही. धरून पाहा."

"घरी पाहतो ना निवांत."

"घरी कायले? इथं कॉम्प्युटर आहे. तुम्हीच पाठवलेल्या सीडीवरून प्राचीनं तो खेळही टाकून ठेवला."

"जेवणं होऊन जाऊ द्या," इंदूताई म्हणाल्या.

"गोळाभात काही पळून नाही जात, ताई. जावयाचं विमान तर पाहू द्या मंडळींना."

आता सगळेच उठले. खुर्च्या कॉम्प्युटरभोवती सरकल्या. तार जोडली गेली, पडद्यावर काळंभोर आकाश आलं, मध्ये एक यान आणि लांबवर फिरत असलेला तळ. सलीलनं आईकडे पाहिलं. आईनं डोळ्यांनीच काहीतरी बजावलं. त्यानं जॉयस्टिक उजव्या हातात धरली.

यान निघालं. आधी डावीकडे झुकलं, मग उजवीकडे, मग स्वतःभोवती गिरकी घेतली आणि उलटं होऊन एका दगडाला घासून गेलं.

"हे तर बिचकलेल्या गोऱ्ह्यावानी चालून राह्यलं, साहेब," खेमसिंग म्हणाले.

"सवय व्हायला वेळ लागते नव्या वस्तूची," चारुदत्तराव रुमालानं कपाळ पुसत म्हणाले.

यानानं दुसऱ्यांदा गिरकी घेतली. सलीलच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. कुंदाताईंनी नवऱ्याला कोपऱ्यात ओढलं.

"अहो, हा म्हणे रोज उडवतो. याला तर उडवताच येत नाही."

"नवीन जॉयस्टिक आहे."

"तुम्हीच तर सुपर म्हणाले तिला. आणि छंदाचं खोटं सांगितलं असेल, तर नोकरीचं काय? पगाराचं काय? नागपुरात राहतो तरी का खरंच?"

श्रीकृष्णरावांनी विचार करावा तर दोन्हीकडून फजिती. एक तर जॉयस्टिक खराब, नाहीतर जावई खराब. आणि ग्रेड त्यांनी दोघांनाही सुपरच दिला होता. कुंकवाचं बोट सुकायच्या आत प्राचीचं तिसरं स्थळ त्यांच्या डोळ्यांदेखत गिरक्या घेत होतं, आणि ते जर मोडलं तर या घरी चौथं कोण येणार? ते तसेच पडद्याकडे वळले.

यान आता तळाच्या दिशेनं सुसाट निघालं होतं. लाल दिवा लागला. कॉम्प्युटरमधून कर्कश भोंगा वाजू लागला. शेजारच्या आजीबाईंनी देवाचं नाव घेतलं.

"अहो, मागे ओढा, मागे!" प्राची ओरडली.

"ओढतोय ना, येत नाही..."

"द्या इकडे!"

आणि प्राचीचा हात पदराखालून सुटून जॉयस्टिकवर पडला. त्याच क्षणी सलीलनंही उजवा हात सोडून दुसरा हात घातला. यान तळाच्या पोटाखालून केसभर अंतरानं निसटलं आणि मोकळ्या आकाशात गेलं. भोंगा थांबला.

"प्राची, उजवा!" कुंदाताई ओरडल्या.

"सलील, उजवा!" इंदूताई ओरडल्या.

मग दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या.

जॉयस्टिकवर दोन हात होते. दोन्ही डावे. एका हातावर साक्षगंधाची ताजी अंगठी, कारण अंगठी घालताना सलीलनं घाईत डावाच हात पुढे केला होता आणि कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

इंदूताई खुर्चीत बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. सगळ्यांना वाटलं, झालं, आता उठणार आणि वणीची गाडी धरणार. पण त्यांचे खांदे हलत होते ते हसण्यानं.

"विहीणबाई, वनवास केला हो मी लेकाचा," त्या म्हणाल्या. "एका ठिकाणी मुलीच्या आजोबांनी म्हटलं, डाव्या हाताच्या माणसाला कन्यादान कसं करायचं? म्हणून सांगितलं होतं त्याले, साक्षगंध होईस्तोवर दम धर."

"आणि मी?" कुंदाताई म्हणाल्या. "पोरीनं तुमच्या पायांवर चहा सांडला असता त्या दिवशी. माझा जीव कपातच होता."

"म्हणून शेंगदाणे सांडले का शर्टावर?" प्राचीनं सलीलला विचारलं.

"तू चहा बशीत दिला म्हणून मी काही बोललो का?"

श्रीकृष्णराव भिंतीला टेकले. छातीवरचं ओझं असं उतरलं की त्यांना तिथंच बसावंसं वाटलं. जावई खरा, नोकरी खरी, यानही खरं. मग त्यांनी घसा साफ केला.

"मले आधीच शंका आलती," ते म्हणाले.

"कशाची?" कुंदाताईंनी विचारलं. "तो सज्जन असल्याची?"

जेवताना सलील आणि प्राची शेजारी बसले आणि दोघांनी डाव्या हातानं गोळाभात आणि कढी अशी रेटून खाल्ली की वाढणाऱ्या बायका दमल्या. कढीचा एक थेंब कुठं सांडला नाही.

पुढे यवतमाळला जाऊन साधी जॉयस्टिक आणली गेली. या वेळी निवडायला प्राची एकटीच गेली. खोबणीवाली मात्र राजकुमारनं परत घेतली नाही. ती श्रीकृष्णरावांच्या घरीच राहिली आणि खरं सांगायचं तर तिथंच शोभली. संध्याकाळी ते यान उडवत. यान दगडांवर आपटत असे, पण जॉयस्टिक हातात झकास बसे. बसणारच. त्यांनी ती जावयासाठी थोडीच निवडली होती? निवडली होती स्वतःच्या उजव्या हातासाठी.

ही गोष्ट गावात कोणाच्या ध्यानात राहिली नाही. राहिली ती फक्त खेमसिंगच्या. केंद्र उघडलं, तसे ते गाडी घेऊन हजर. श्रीकृष्णरावांनी नेहमीसारखा ढिगात उजवा हात खुपसला, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

"थांबा, साहेब," खेमसिंग म्हणाले. "दरसाली उजव्यानंच पाहून राह्यले. यंदा एक डाव डाव्यानंही पाहा की."

मागच्या गाडीवाल्यांनी माना पुढे काढल्या. श्रीकृष्णरावांनी इकडेतिकडे पाहिलं, उजवा हात बाहेर काढला आणि डावा आत घातला. डोळे मिटले. कापूस बोटांत चुरगाळला. पुन्हा चुरगाळला. त्या हाताला काहीच कळेना. ओल नाही, कचरा नाही, धागा नाही. नुसता मऊ कापूस.

"बोला, साहेब."

श्रीकृष्णराव हात पुसत हळूच म्हणाले, "सुपर लिहा. आणि खेमसिंग, बाहेर कोणाले सांगू नको."