मीठ केंद्राचं, चूल राज्याची

म्हात्रे सरांच्या घरी आमटीत मीठ घालायचा अधिकार फक्त केंद्र सरकारला होता. केंद्र सरकार म्हणजे अर्थातच सर.

सर आमचे रोह्याजवळच्या अष्टमी गावातले शेजारी. रोह्याच्या शाळेत त्यांनी जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं. हा विषय मुलं परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी वाचतात आणि निकाल लागायच्या आत विसरतात. सरांनी मात्र तो संसारात आणला. लग्न झाल्या झाल्या त्यांनी घराची वाटणी केली. रेल्वे, टपाल, टेलिफोन आणि परगावचे पाहुणे केंद्राकडे. पाणी, आरोग्य, बाजार आणि चूल राज्याकडे, म्हणजे काकूंकडे. मुलीचं शिक्षण आणि वीज दोघांच्या समवर्ती सूचीत, त्यामुळे दिवा कोणी मालवायचा यावरून त्यांचं रोज वाजायचं.

पण राज्यघटनेत मीठ केंद्राच्या सूचीत आहे, आणि सर घटनेबाहेर जाणारे नव्हेत. काकू सगळा स्वयंपाक अळणी करायच्या आणि हाक मारायच्या. सर वर्तमानपत्र बाजूला ठेवून आत जायचे, पातेल्यात डोकावायचे, गंभीर चेहऱ्याने मीठ सोडायचे आणि मग तिथेच जरा रेंगाळायचे. गंमत म्हणजे काकू पेणच्या खाडीकाठच्या, मिठागरावर वाढलेल्या. त्यांनाच मिठाला हात लावायची बंदी. आम्ही पोट धरून हसायचो. सर म्हणायचे, "हसा. पण आधी सूची बघा आणि मग हसा."

त्यांची मुलगी पेणलाच दिली आहे. ती कंपनीत शिफ्टला जाते. तिला मुलगा झाला, काकू त्याला सांभाळायला गेल्या आणि तिकडच्याच झाल्या. सरांनी पहिल्या दिवशी मोठ्या ऐटीत जाहीर केलं की स्वयंपाकघरात राष्ट्रपती राजवट लागू झाली आहे. आठवड्याच्या आत राजवटीने कुकर जाळला. मग डबा सुरू झाला. महिने गेले. सर वाळत चालले, पडवीत बसून नुसते रस्त्याकडे बघत राहायचे. काकूंना बोलावून घ्या, असं मी म्हटलं, तर राज्याच्या कारभारात केंद्राने ढवळाढवळ करू नये म्हणाले. मला खरंच राग आला. एवढा शिकलेला माणूस, आणि बायकोला 'ये' म्हणता येत नाही.

शेवटी एका रविवारी मीच त्यांना रेल्वेगाडीत बसवून पेणला नेलं.

मुलीने दारातच तक्रार केली. आईचा स्वयंपाक रोज अळणी, सगळ्यांना पानात वरून मीठ घ्यावं लागतं. सर सरळ आत गेले. वालाचं बिरडं शिजत होतं. त्यांनी मीठ घातलं आणि ते काकूंच्या शेजारी तसेच उभे राहिले. काकूंनी नातू त्यांच्या कडेवर दिला. त्याला घेऊन सर अंगणात गेल्यावर मी काकूंना विचारलं, हे खूळ तुम्ही इतकी वर्षं चालू तरी कसं दिलंत?

काकू गॅस बारीक करत म्हणाल्या, "मी मिठागरातली पोर. मीठ किती घालायचं ते यांनी मला सांगायचं व्हय? पन त्या निमतानं मानूस दोन येळा माझ्याजवळ येऊन उभा रवायचा. म्हनून मी कधी काय बोलले नाय."

संध्याकाळच्या गाडीने आम्ही दोघेच परत निघालो. नागोठणं गेलं तरी सर खिडकीबाहेरच बघत होते. काकूंना विचारलंत की नाही, असं मी म्हणालो.

"विचारलं. येतेस काय गो, म्हणालो. पोर चालायला लागलं की येते म्हणाली." मग ते हळूच म्हणाले, "घरातले सगळे अधिकार आता माझ्याकडेच आहेत. मला त्यातला एकही नको. मला ती पायजे."

रोहा आलं. सगळा डबा उतरून गेला तरी सर उठेनात. मीही त्यांच्या शेजारी बसून राहिलो.